वादकांनी रेकॉर्डिंगलाच नकार दिला आणि कंपन्यांना झुकावं लागलं : म्युझिशियन्सची युनियन नेमकं करते काय?

१९४३ साली अमेरिकेत ‘कासाब्लांका’ हा सिनेमा तुफान चालला होता. त्यातलं ‘अ‍ॅज टाइम गोज बाय’ हे गाणं लोकांच्या तोंडी बसलं होतं. सिनेमात ते डूली विल्सन गातो. पण त्याच्या आवाजातली रेकॉर्ड तेव्हा बाजारात नव्हती. त्याऐवजी आली एक जुनी रेकॉर्ड. रूडी व्हॅली नावाच्या गायकाने हेच गाणं १९३१ साली गायलं होतं. कंपनीने १२ वर्षांपूर्वीची ती रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणली आणि तीच हिट झाली.

सिनेमा नवा, गाणं सगळीकडे गाजतंय आणि कंपनी विकतेय १२ वर्षं जुना माल. असं का?

स्टुडिओ होते, माइक होते, गायक तयार होते. वाजवायला माणसं नव्हती. देशभरातल्या वादकांनी रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला होता. संगीताच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा संप. वादकांची युनियन म्हणजे काय आणि तिचा उपयोग काय, हे समजून घ्यायचं असेल तर या संपापासूनच सुरुवात करावी लागते.

आपल्याच पायावर धोंडा

गिरणी कामगाराने काल विणलेलं कापड आज त्याच्याच जागी मागावर उभं राहत नाही. उद्याचं कापड हवं असेल तर मालकाला उद्याही कामगार लागतो. वादकाचं तसं नाही. त्याने आज ३ तास बसून एक गाणं रेकॉर्ड केलं की ते गाणं उद्या हॉटेलात वाजतं, परवा रेडिओवर वाजतं आणि पुढची कित्येक वर्षं वाजत राहतं. त्या हॉटेलात पूर्वी रोज संध्याकाळी चार जणांचा बँड बसायचा. आता त्या बँडची गरज उरत नाही. म्हणजे वादक पोटासाठी जे काम करतो, तेच काम त्याच्या आणि त्याच्या भाईबंदांच्या पोटावर पाय देतं.

हे अमेरिकेतल्या वादकांना फार लवकर कळलं होतं. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स, थोडक्यात एएफएम, ही त्यांची युनियन १८९६ साली स्थापन झाली. मूकपटांच्या काळात थिएटरमध्ये पडद्यासमोर वादक बसायचे आणि सिनेमा चालू असताना संगीत वाजवायचे. चांगली बांधलेली, दर आठवड्याला पगार देणारी नोकरी होती ती. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला, पडदा बोलायला लागला आणि पुढच्या ३-४ वर्षांत २० हजारांहून जास्त वादकांचं थिएटरमधलं काम गेलं.

त्या वेळी युनियनने काय केलं? जाहिराती. वर्तमानपत्रांतून मोठमोठ्या जाहिराती देऊन ‘डबाबंद संगीत’ ऐकू नका असं लोकांना सांगितलं. या जाहिरातींत वाद्य वाजवणारा एक भेसूर रोबो दाखवलेला असायचा. आज एआयच्या नावाने जी चित्रं फिरतात, त्यांचा हा पणजोबाच. पण लोकांना बोलपट आवडले होते. जाहिरातींचा शून्य उपयोग झाला. तंत्रज्ञान वाईट आहे असं सांगून ते थांबत नाही, एवढा धडा युनियनला मिळाला.

पेट्रिलो नावाचं प्रकरण

१९४० साली जेम्स सीझर पेट्रिलो एएफएमचा अध्यक्ष झाला. शिकागोचा हा माणूस स्वतः ट्रम्पेट वाजवायचा, पण त्याची खरी ओळख युनियनचा पुढारी म्हणूनच होती. मधलं नाव खरोखरच सीझर असल्यामुळे वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं. ‘हुकूमशहा’ म्हणून त्याच्यावर भरपूर टीका झाली. ती सगळीच चुकीची होती असंही नाही.

त्याने जाहिरातींचा नाद सोडला. रेकॉर्ड थांबवता येणार नाहीत हे त्याला मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की, रेकॉर्ड विकून कंपनी जे कमावते त्यातला वाटा, रेकॉर्डमुळे ज्यांचं काम गेलं त्या वादकांपर्यंत पोहोचला पाहिजे. कंपन्यांनी हे धुडकावलं. मग युनियनने जाहीर केलं की १ ऑगस्ट १९४२ पासून कुठलाही सभासद रेकॉर्डिंगसाठी वाजवणार नाही.

नीट लक्षात घ्या, वादकांनी वाजवणं बंद केलं नव्हतं. नाचाचे कार्यक्रम चालू होते, रेडिओवरचं थेट वादन चालू होतं, कॉन्सर्ट चालू होत्या. बंद होतं ते फक्त रेकॉर्डिंग. म्हणजे वादकांची रोजची मीठ-भाकरी चालू राहिली आणि कंपन्यांचा कच्चा माल तेवढा आटला. संप करताना आपल्या माणसांच्या घरची चूल विझू द्यायची नाही, हे गणित या संपात फार बारकाईने जमवलं होतं.

कंपन्यांना जून-जुलैमध्येच कुणकुण लागली होती. त्यांनी दिवसरात्र स्टुडिओ चालवून जमेल तेवढी गाणी साठवून ठेवली. तो साठा संपत आला तशी पंचाईत झाली. मग पळवाटा शोधणं सुरू झालं. गायक या युनियनचे सभासद नव्हते. त्यामुळे त्यांना गाता येत होतं, फक्त मागे वाद्यं नकोत. कोलंबिया कंपनीने १९४३ साली नव्यानेच करारबद्ध केलेल्या फ्रँक सिनात्राला अशीच गाणी गायला लावली. मागे ऑर्केस्ट्राऐवजी गायकांचा समूह. व्हायोलिनने जे करायचं ते माणसांनी तोंडाने केलं. ऐकायला आजही गंमत वाटते.

या संपाची किंमत संगीतानेही मोजली. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये जॅझमधून ‘बीबॉप’ नावाची नवी शैली जन्माला येत होती. १९४३ साली चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे दोघं अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये एकत्र वाजवत होते. त्या बँडचं त्या काळातलं एकही स्टुडिओ रेकॉर्डिंग नाही. ज्यांनी प्रत्यक्ष ऐकलं त्यांनी ऐकलं.

डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये करारावर सही केली. कॅपिटॉल पाठोपाठ आली. आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन बड्या कंपन्या मात्र हटून बसल्या. महायुद्ध चालू होतं. सैनिकांसाठीच्या खास रेकॉर्ड वाजवायला युनियनने १९४३ मध्ये परवानगी दिली होती, पण बाजारासाठी नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पेट्रिलोला संप मागे घ्यायला सांगितलं. पेट्रिलोने राष्ट्राध्यक्षांनाही नाही म्हटलं! पुढच्याच महिन्यात, ११ नोव्हेंबर १९४४ ला, उरलेल्या दोन्ही कंपन्यांनी सह्या केल्या.

पैसे आले, पण कोणाला?

करार असा होता : विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे, तिच्या किमतीनुसार पाव सेंटपासून ५ सेंटांपर्यंत रक्कम कंपनीने एका निधीत भरायची. त्या निधीतून युनियन देशभर मोफत कार्यक्रम घेणार. बागेत, शाळेत, हॉस्पिटलमध्ये. ऐकणाऱ्याला तिकीट नाही, वाजवणाऱ्याला मात्र ठरलेली बिदागी. रेकॉर्डने ज्या गावातल्या बँडचं काम खाल्लं, त्याच रेकॉर्डच्या पैशातून त्या बँडला पुन्हा काम.

सरकारला हे काही फार रुचलं नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने, मालकांनी युनियनच्या ताब्यातल्या अशा निधीत पैसे भरण्यावर बंदी घातली. पेट्रिलोने १ जानेवारी १९४८ ला दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग बंद केलं. ते डिसेंबरपर्यंत चाललं. तोडगा निघाला तो असा की निधी युनियनने चालवायचा नाही, स्वतंत्र विश्वस्ताने चालवायचा. तो म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड आजही मोफत कार्यक्रमांना पैसे देतो.

इथपर्यंत गोष्ट विजयाची वाटते. पण एक मोठी मेख होती. समजा लॉस एंजलिसमधल्या व्हायोलिनवादकाने एक रेकॉर्ड वाजवली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. निधीत पैसे जमा झाले. ते गेले कुठल्या तरी दूरच्या गावातल्या बँडला. वाजवणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली तेवढीच. काम गेलेल्यांना मदत हवी हे बरोबर, पण ज्याने वाजवलं त्याला काहीच नाही?

लॉस एंजलिसच्या वादकांनी १९५० च्या दशकात नेमका हाच सवाल केला. सेसिल रीड हा ट्रम्पेटवादक त्यांचा म्होरक्या होता. बंड केल्याबद्दल युनियनने त्याच्यावर कारवाई केली. मग या मंडळींनी १९५८ साली ‘म्युझिशियन्स गिल्ड ऑफ अमेरिका’ ही वेगळी युनियनच काढली आणि हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंमध्ये मतदान जिंकून दाखवलं. त्याच वर्षी पेट्रिलो अध्यक्षपदावरून पायउतार झाला. दोन-तीन वर्षांत बंडखोर परत आले, पण रिकाम्या हाताने नाही. १९६४ साली ‘स्पेशल पेमेंट्स फंड’ सुरू झाला. त्यात रेकॉर्ड कंपन्यांचे पैसे येतात आणि दरवर्षी ते प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये वाजवलेल्या वादकांना वाटले जातात. एकदा केलेलं काम पुढची ५ वर्षं हिशोबात धरलं जातं.

पेट्रिलोच्या काळातला आणखी एक डाग लपवून चालणार नाही. वादकांच्या या युनियनमध्ये अनेक शहरांत गोऱ्यांची शाखा वेगळी आणि कृष्णवर्णीयांची वेगळी होती. पेट्रिलोच्याच शिकागोत शाखा क्रमांक १० गोऱ्यांची आणि २०८ कृष्णवर्णीयांची. लॉस एंजलिसमध्ये वादकांनी लढून १९५३ साली दोन्ही शाखा एक केल्या. शिकागोत त्यासाठी १९६६ उजाडावं लागलं.

एका कागदाची ताकद

संप ही झाली मोठी गोष्ट. रोजच्या व्यवहारात युनियन वादकाच्या कामी येते ती एका साध्या कागदामुळे. अमेरिकेत युनियनच्या नियमाने रेकॉर्डिंग झालं की कोणी वाजवलं, कोणतं वाद्य, किती तास, किती पैसे, हे लिहिलेला करार युनियनच्या कचेरीत जमा होतो. स्टुडिओतलं सेशन साधारण ३ तासांचं. त्यापेक्षा एक मिनिट जास्त झालं तरी ओव्हरटाइम. एकाने दोन वाद्यं वाजवली तर जादा पैसे. पेन्शन आणि आरोग्यासाठीची रक्कम मालकाने वेगळी भरायची. पुढे तेच गाणं जाहिरातीत किंवा सिनेमात वापरलं, तर त्याचे वेगळे पैसे.

१९६० च्या दशकात लॉस एंजलिसमध्ये ‘द रेकिंग क्रू’ या नावाने पुढे ओळखली गेलेली सेशन वादकांची फळी होती. बीच बॉइजपासून नॅन्सी सिनात्रापर्यंत कितीतरी जणांच्या गाण्यांत हीच मंडळी वाजवत होती आणि रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं बहुतेक वेळा नसायची. मग कोणत्या गाण्यात कोणी वाजवलं हे आज कळतं कसं? युनियनच्या त्या करारांवरून. कव्हरवर नाव नसलं तरी कचेरीतल्या कागदावर होतं आणि त्या कागदावरून पुढेही पैसे मिळत राहिले.

लग्नातल्या बँडचं काय?

स्टुडिओत मालक ठरलेला असतो. पण लग्नात, वाढदिवसाला वाजवणाऱ्याचा मालक कोण? आपल्याकडचं उदाहरण घ्या. बँडचा प्रमुख सुपारी घेतो, यजमानाशी भाव ठरवतो आणि आपल्या पोरांना त्यातून पैसे देतो. पलीकडचा बँड पाच हजाराने कमी सांगतो, म्हणून हाही कमी करतो. तो तोटा तो स्वतः सोसत नाही. पोरांच्या मजुरीतून कापतो, नाहीतर दोन माणसं कमी नेतो.

न्यूयॉर्कमध्ये नेमकी हीच अडचण होती. तिथल्या युनियनने अशा कार्यक्रमांसाठी किमान दर ठरवले आणि अमुक मोठ्या हॉलमध्ये किमान इतके वादक हवेतच, असा नियम केला. काही बँडप्रमुख कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, आम्ही स्वतंत्र धंदेवाले आहोत. आमचे भाव युनियन ठरवत असेल तर ती मक्तेदारी झाली. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोहोचलं. १९६८ साली कोर्टाने युनियनच्या बाजूने निकाल दिला. बँडप्रमुखाने भाव पाडला तर त्याची झळ शेवटी साथीदारांच्या मजुरीलाच बसते, म्हणून किमान दर हा मजुरीच्याच संरक्षणाचा भाग आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

हा मुद्दा आज सगळीकडच्या गिग कामगारांना लागू पडतो. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून गणल्या जाणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन दर ठरवले, तर अमेरिकेत त्यांच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा येऊ शकतो. त्यामुळे ‘वादक कामगार आहे की धंदेवाला’ या प्रश्नाच्या उत्तरावर युनियनची निम्मी ताकद अवलंबून असते.

ब्रिटिशांची वेगळी तऱ्हा

ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने (स्थापना १८९३, मँचेस्टर) दुसरीच खेळी केली. तिथे रेकॉर्ड बनवण्यावर नाही, वाजवण्यावर मर्यादा आली. बीबीसी रेडिओने दिवसातून किती तास रेकॉर्ड वाजवायच्या यावर करारानेच बंधन होतं. त्याला ‘नीडल टाइम’ म्हणायचे. उरलेला वेळ भरायचा तर वादकांना स्टुडिओत बोलवावं लागायचं. बीटल्सने १९६२ ते १९६५ या काळात बीबीसीसाठी इतकं वाजवलं की १९९४ साली त्यातून अख्खा डबल अल्बम निघाला. त्यामागे हे नीडल टाइमच होतं. श्रोते मात्र वैतागायचे, कारण त्यांना ओरिजिनल रेकॉर्ड ऐकायची असायची. १९८८ नंतर ही पद्धत मोडीत निघाली.

आज हीच युनियन सभासदांना वाद्यांचा विमा देते, करार वाचून देते, पैसे बुडवणाऱ्यांकडून वसुली करते. २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर तिने १० लाख पौंडांचा मदतनिधी काढून अडचणीतल्या सभासदांना २०० पौंड दिले. रक्कम मोठी नव्हती. पण कार्यक्रम रद्द झाल्यावर कोणाच्या दारात जायचं हे निदान माहीत होतं.

आता नवा प्रश्न स्ट्रीमिंग आणि एआयचा. २०२४ साली एएफएमने हॉलिवूडच्या निर्मात्यांशी करार केला. स्ट्रीमिंगवर जाणाऱ्या कामाचे पुढचे पैसे आणि एआयबाबत संरक्षण, दोन्ही त्यात आहे. म्हणजे विषय तोच, १९४२ चा.

आणि आपल्या मुंबईत?

हिंदी सिनेमाच्या गाण्यांत शंभर-शंभर वादकांचा ताफा वाजायचा. त्यात गोव्याहून आलेल्यांचं प्रमाण मोठं होतं, कारण तिथल्या चर्चच्या शाळांमुळे त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता यायची. सी. रामचंद्रांसोबत चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनसोबत सॅबॅस्टियन डिसूझा, अशा जोड्या होत्या. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात ज्याचं नाव येतं तो अँथनी गोन्साल्विस खराखुरा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू. १९७७ सालच्या त्या गाण्यातून शिष्याने गुरूचं नाव घराघरांत पोहोचवलं. एरवी ते पडद्यावर येण्याचं काही कारण नव्हतं.

इथेही संघटना होती आणि आहे. सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही सिनेकामगारांच्या फेडरेशनशी, म्हणजे एफडब्ल्यूआयसीईशी, जोडलेली. तिने वादकांच्या श्रेणी ठरवल्या, त्यानुसार दर बांधून दिले. त्यामुळे निर्मात्याशी एकेकट्याने घासाघीस करायची वेळ टळली. पण अमेरिकेत जी दुसरी पायरी होती, म्हणजे गाणं पुन्हा पुन्हा वाजलं की पुन्हा पैसे, ती इथे कधी बांधलीच गेली नाही. वाजवलं, पैसे घेतले, विषय संपला. १९९० च्या दशकात सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगने मोठे ताफे संपवले, तेव्हा हाताशी ना निधी होता, ना जुन्या गाण्यांवरचा हक्क.

कायदा उशिरा का होईना, बदलला. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या रॉयल्टीचा. त्यानंतर २०१३ साली गायकांची ‘इस्रा’ ही संस्था उभी राहिली. पुढे तिच्या नावात म्युझिशियन्सही आले आणि ती ‘इसाम्रा’ झाली.

मात्र याच २०१२ च्या दुरुस्तीत एक ओळ आहे, जी सेशन वादकांनी डोळ्यांत तेल घालून वाचायला हवी. सिनेमात ज्याचं काम किरकोळ वा प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नाही, त्याला कायदा ‘कलाकार’ मानत नाही. अशा माणसाकडे एकच हक्क उरतो : आपल्या सादरीकरणाची विकृत मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा. आपलं काम किरकोळ नव्हतं हे वादक भांडून सिद्ध करू शकतो. पण त्यासाठी आधी त्या गाण्यात आपण वाजवलं होतं, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.